अँपिअर सांग

आवाज अगदी बारीक होता. टक्. फळ्यावर लिहिता लिहिता खडू मोडावा तसा. स्क्रीन काळी, पंखे गप्प, आणि दोन सेकंदांनी कॉम्प्युटर काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा सुरू. चिरंजीवांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. मागून वायर मीच ओढली असावी, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

नवं ग्राफिक्स कार्ड बसवून चार तासही झाले नव्हते.

या कार्डासाठी मी जवळजवळ दोन वर्षं थांबलो होतो. आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१मध्ये आलं तेव्हा त्याची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती. पण त्या काळात जाहीर किंमत म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त, त्या वेळेला कुणाला काही मिळालंय असं घडत नव्हतं. चिपचा तुटवडा होता, आणि जी कार्डं येत होती ती इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणारे, म्हणजे कार्डांकडून अखंड आकडेमोड करवून चलन कमावणारे, पोत्याने उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच मोडीत काढली आणि कार्डांचे भाव माणसात आले. डिसेंबरात मी घेतलं. त्या दोन वर्षांत कार्डाबद्दल जे वाचता येईल ते वाचलं, जे पाहता येईल ते पाहिलं. मेमरी १२ जीबी, कोणत्या गेमला किती फ्रेम, कोणत्या कंपनीचे पंखे कमी आवाज करतात, सगळं तोंडपाठ.

एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरला पुरवणारा डबा, त्याच्याबद्दल मी एक ओळही वाचली नव्हती. तो होता. २०१८मध्ये कॅबिनेट घेतलं तेव्हा सोबतच आला होता, साडीवर ब्लाऊज पीस यावा तसा. त्याच्या कुशीवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं होतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साडेचारशेचा आहे ना? आरामात चालेल." कार्डाला वरून वीज द्यायला आठ पिनांची वायर लागते, ती या एसएमपीएसला नव्हती. मग ऑनलाइन एक कन्व्हर्टर मागवला. एका बाजूला जुन्या पद्धतीची चार पिनांची दोन मोलेक्स टोकं, दुसऱ्या बाजूला आठ पिना. बसला की! एखादी गोष्ट बसते याचा अर्थ ती चालते असा आपला एक गोड गैरसमज असतो.

पुढचे आठ दिवस मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले. रॅमच्या पट्ट्या अदलून बदलून पाहिल्या. कार्ड तापतंय म्हणावं तर तापमान ६८ अंशांच्या वर जात नव्हतं. विंडोजच्या नोंदवहीत दर वेळी तीच ओळ सापडायची, कर्नल-पॉवर ४१. तिचा अर्थ एवढाच की मशीन रीतीने बंद न होता बंद पडलं. मयत माणूस मेला आहे, असा दाखला. शेवटी अख्खं विंडोज नव्याने टाकलं. चिरंजीव गेममध्ये शिरले, दहा मिनिटं सगळं सुरळीत, मग समोरून चार-पाच जण अंगावर आले, धूर, आग, धावपळ. आणि टक्.

त्याच आठवड्यात अण्णा, माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले.

अण्णांनी तासगावात ४१ वर्षं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं, दुकान चालवलं. एस.टी. स्टँडच्या मागे, दहा बाय बाराची खोली. वार्निशचा वास आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या जळक्या मोटरी हे माझं बालपण. द्राक्षबागांचा मुलूख, त्यामुळे उन्हाळा आला की दुकानापुढे ट्रॅक्टर लागायचे. व्होल्टेज पडायचं, तरी बागेला पाणी द्यायलाच लागायचं. मोटरीवरचा भार तोच आणि व्होल्टेज कमी, म्हटल्यावर ती करंट जास्त ओढायची आणि जळायची. शेतकरी म्हणायचा, मोटर खराब निघाली. अण्णा म्हणायचे, मोटर कष्टाळू निघाली. डोळ्याच्या ऑपरेशनला येतानासुद्धा त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर होता.

ते खुर्चीत बसून नातवाचा खेळ बघत होते. बघत म्हणजे ऐकत, कारण उजव्या डोळ्याने त्यांना तेव्हा फक्त उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. टक् झालं.

"कधी पडतंय बंद?" त्यांनी विचारलं. "चालू केल्या केल्या, का लोड आल्यावर?"

मी म्हटलं, मारामारी सुरू झाली की.

"म्हंजे लोड आल्यावर. वीज कुठनं घेतंय हे?"

मी एसएमपीएस दाखवला. साडेचारशे वॉटचा आहे, पुरेसा आहे, असंही सांगितलं.

"वॉट नको सांगू. अँपिअर सांग."

मला सांगता येईना. कॅबिनेटची बाजू उघडी होती. अण्णांनी वाकून हात आत घातला. मी ओरडेपर्यंत त्यांची बोटं वायरींवरून फिरून कन्व्हर्टरच्या पांढऱ्या मोलेक्सपाशी थांबली. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी. "ह्यो गरम लागतोय. बाकीच्या वायरी गार. चहा ओतल्यावर कपाचा कान लागतो तेवढा गरम. ह्याच्यावर किती टाकलंयस?"

नंतर मी हिशेब केला. त्या आठ पिनांच्या वाटेने कार्ड १५० वॉटपर्यंत घेऊ शकतं. १२ व्होल्टला म्हणजे साडेबारा अँपिअर. कन्व्हर्टरला दोन टोकं होती हे खरं, पण ती दोन्ही मी एकाच वायरीवरच्या दोन मोलेक्समध्ये खोचली होती. म्हणजे नदी एकच, घाट दोन. सगळा करंट एकाच पिवळ्या वायरीतून येत होता, आणि ती वायर चपातीच्या कडेएवढी जाड.

प्लेट वाचायचं काम चिरंजीवांकडे आलं. मोबाइलचा टॉर्च लावून त्याने कुशीवरचं स्टिकर वाचलं आणि आजोबांनी ते मनात मांडलं. ३.३ व्होल्टला २४ अँपिअर. ५ व्होल्टला २८ अँपिअर. १२ व्होल्टला १७ अँपिअर. बाकी किरकोळ.

"तुझं कार्ड कशावर चालतंय?"

"बारावर."

"आणि प्रोसेसर?"

"तोही बारावरच."

"मग बाकीचं कशाला वाचायचं? सतरा गुणिले बारा कर."

२०४.

साडेचारशेच्या एसएमपीएसमध्ये माझ्या कामाचे वॉट २०४ होते. कार्डाची भूक १७०. प्रोसेसर रायझन ५ ३६००. त्याच्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून तो ८८पर्यंत घेतो. पंखे, मदरबोर्ड, डिस्क मिळून चाळीसेक. सगळे मिळून तीनशे, म्हणजे १२ व्होल्टला २५ अँपिअर. सतराच्या जागी पंचवीस. आधीचं कार्ड, जीटीएक्स १६५०, अवघ्या ७५ वॉटचं होतं, मदरबोर्डच्या खाचेतून मिळेल तेवढ्यावर गुजराण करणारं. म्हणून इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही.

मग ते उरलेले वॉट कुठे होते? ते ५ आणि ३.३ व्होल्टवर होते, जिथे आता कुणी राहत नाही. नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटरचा प्रोसेसर याच दोन दारांवर वीज मागायचा. पेंटियम ४च्या काळात, २०००च्या सुमाराला, भूक एवढी वाढली की प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी वायर आली, आणि पुढे ग्राफिक्स कार्डंही त्याच वाटेने गेली. नेकीचे कारखाने त्याप्रमाणे बदलले. स्वस्तातले जुन्याच आराखड्यावर नवं स्टिकर लावत राहिले. गावात वस्ती हलून वीस वर्षं झाली तरी पाण्याची टाकी जुन्या वस्तीवरच, असा प्रकार.

अण्णांना मात्र या फसवणुकीचं जराही आश्चर्य वाटलं नाही. त्यांना आश्चर्य वाटलं ते खोटं उलट्या दिशेने आहे याचं. "आमच्याकडं लोक प्लेट खालची मागायचे," ते म्हणाले. शेतीपंपाला मीटर नसला की वीजबिल एचपीवर, म्हणजे मोटरीच्या हॉर्सपॉवरवर, यायचं. त्यामुळे आत साडेसात एचपीचं वायंडिंग आणि वर पाच एचपीची प्लेट, अशा मोटरी तालुक्यात किती फिरत असतील याचा हिशेब फक्त अण्णांसारख्यांनाच माहीत. अशी प्लेट मारून मागणाऱ्यांना ते नाही म्हणायचे. त्यांची गिऱ्हाइकं त्यामुळे कमी झाली असं आई म्हणायची. "तिथं बिल वाचवायला कमी लिहितात, हितं इकायला जास्त लिहितात. खोटं बोलणाऱ्याला दिशा बराबर कळतीय बघ."

खरं तर मला हे सोळाव्या वर्षीच कळायला हवं होतं. १९९९मध्ये दहावीच्या मार्कांवर खूश होऊन अण्णांनी मला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्याच्या पाठीमागे, वायर खोचायच्या जागेजवळ, एक छोटा लाल सरकता खटका होता. त्यावर एका बाजूला २३० आणि दुसऱ्या बाजूला ११५. तिसऱ्याच दिवशी मी तो खिळ्याने सरकवून पाहिला. का, ते विचारू नका. सोळाव्या वर्षी लाल खटका दिसला तर का हा प्रश्नच नसतो. बटण दाबताच जो बार उडाला त्याने शेजारच्या पानपट्टीवाल्याने दुकानाबाहेर धाव घेतली. तो खटका अमेरिकेसारख्या देशांसाठी असतो, जिथे भिंतीतून ११५-१२० व्होल्टच येतात. तिथे आतलं सर्किट आलेलं व्होल्टेज दुप्पट करून घेतं. आपल्या २३०ला दुप्पट केल्यावर आतल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यांवर, त्यांना पेलेल त्याच्या दीडपटीहून जास्त ताण आला आणि त्यांनी प्राण सोडला. आजच्या बऱ्या एसएमपीएसमध्ये हा खटकाच नसतो, १०० ते २४० व्होल्ट काहीही द्या. एका पिढीच्या पोरांची मजा गेली.

अण्णांनी तेव्हा मारलं नाही. नवा एसएमपीएस आणला आणि आणखी एक काम केलं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, ते मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. घराला अर्थिंग नव्हतं. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांचा मधला सांधा पत्र्याला जोडलेला असतो; तिथे येणारी बारीकशी गळती अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जावी ही अपेक्षा. वायर नसली की पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतात आणि जमीन म्हणून तुम्ही उपयोगी पडता. करंट अगदी थोडा, मारत नाही, पण तो फुकटचाही नाही. अण्णांनी परसात खड्डा खणला, कोळसा, मीठ आणि पाइप घालून अर्थिंग केलं, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओतायचं काम मला लावलं. इंजिनिअरिंगची माझी पहिली इंटर्नशिप ती.

तर नवा एसएमपीएस घ्यायचा ठरला. घरात बैठक बसली.

बायकोचा प्रश्न रास्त होता. "साडेसहाशेचा घेतला तर बिल जास्त येईल ना?" हा प्रश्न मला नंतर निदान पाच शिकलेल्या माणसांनी विचारलाय. मी दार्शनिक मुद्रेने काही सांगणार तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "टाकी हजार लिटरची हाय म्हणून तू हजार लिटरनं अंघोळ करतीस का, बाई?" एसएमपीएस देतो तेवढंच जेवढं मागितलं जातं. ६५० ही त्याची ऐपत, खर्च नव्हे.

कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने या कार्डासाठी ५५० वॉटची शिफारस केलेली आहे. माझा हिशेब तीनशेचा येतो, मग ५५० का? एक कारण म्हणजे बाजारात माझ्यासारखे स्टिकरवाले एसएमपीएस असतात हे त्यांनाही ठाऊक असणार, म्हणून हातचा राखलेला. पण दुसरं कारण अण्णांनी एका शब्दात सांगितलं. स्टार्टिंग करंट. पाच एचपीची मोटर चालू असताना सात-साडेसात अँपिअर घेते, पण थेट लाइनवर सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट ओढते. म्हणून तर ती सुरुवातीची ओढ कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच, फरक इतकाच की मोटर दिवसातून एकदा सुरू होते आणि कार्ड सेकंदात कितीतरी वेळा दचकतं. १७० हा सरासरीचा आकडा. प्रत्यक्षात ते हजारांश सेकंदापुरती त्याहून कितीतरी मोठी झेप घेतं, आणि एसएमपीएसचं संरक्षण त्या झेपेला शॉर्टसर्किट समजून मान टाकतं. टक् ते हेच. मारामारी सुरू झाली की दृश्य बदलतं, कार्ड उसळी घेतं. फेब्रुवारी २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट झेप शंभर मायक्रोसेकंद सोसलीच पाहिजे, असं लिहावं लागलं, यावरून दुखणं किती पसरलं होतं ते कळतं.

मग ब्राँझ की गोल्ड. ८० प्लसचे हे बिल्ले फक्त एकच सांगतात, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वीज कॉम्प्युटरला पोचते आणि किती उष्णतेत जाते. निम्म्या भारावर ब्राँझ साधारण ८५ टक्के पोचवतो, गोल्ड ९०. माझ्या तीनशे वॉटला फरक वीस वॉटचा. रोज तीन तास खेळलं तर वर्षाला बावीस युनिट. म्हणजे दोनशे-सव्वादोनशे रुपये. ५५०चा ब्राँझ साडेचार हजारांना होता, ६५०चा गोल्ड साडेसात हजारांना. तीन हजार बिलातून वसूल व्हायला चिरंजीवांना नोकरी लागेल. आणि बिल्ला संरक्षणाबद्दल, कपॅसिटरच्या दर्जाबद्दल, उन्हाळ्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ती परीक्षा २३ अंशांच्या खोलीत घेतात. आमच्या खोलीत एप्रिलमध्ये ३६ अंश असतात, कॅबिनेटच्या आत त्याहून वर. म्हणून मी बिल्ल्यापेक्षा एक बारीक ओळ शोधत होतो, पूर्ण क्षमता किती तापमानापर्यंत. एकावर ४० अंश लिहिलं होतं, एकावर ५०. जास्त ठिकाणी काहीच नव्हतं, आणि न लिहिणं हेही एक लिहिणंच असतं.

शेवटी ६५०चा गोल्डच घेतला, आणि तो बिल्ल्यासाठी नव्हे. त्याच्या प्लेटवर १२ व्होल्टपुढे ५४ अँपिअर होते. ५४ गुणिले १२, ६४८. वर ६५० आणि आत ६४८. चिरंजीवांनी दुकानात मोठ्याने गुणाकार करून दाखवला. दुकानदार "साहेब, सगळेच चांगले आहेत" म्हणत होता, तो गप्प झाला.

यूपीएसचंही तेव्हाच उघडकीला आलं. टेबलाखाली सहाशे व्हीएचा यूपीएस होता, मी तो सहाशे वॉटचाच समजत होतो. त्याच्यावर बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलेलं होतं. त्यालाच मॉनिटर, त्यालाच राउटर. लाइट गेली की तो कोकलून कॉम्प्युटरसकट खाली बसायचा. व्हीए (नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि वॉट (प्रत्यक्ष कामाची वीज) यांतला फरक अण्णांना समजावून सांगावा लागला नाही, मला लागला.

आणखी एक, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. नव्याच्या वायरी सुट्या होत्या, लागतील तेवढ्याच खोचायच्या. अशा सुट्या वायरी एका कंपनीच्या काढून दुसरीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. टोकं बसतात, पण कोणत्या पिनेला किती व्होल्ट हे प्रत्येकाचं आपलं आपलं. बसतं म्हणून चालतं, या गैरसमजाने हार्ड डिस्क जाते, आणि तिच्यात लग्नाचे फोटो असतात.

नवा लावला त्या संध्याकाळी दोन तास मारामारी झाली. अण्णा डोळ्याला पट्टी लावून बसले होते. मध्येच उठले, हात आत घातला, वायर चाचपली. "गार," म्हणाले, आणि जाऊन झोपले.

जुना एसएमपीएस मी भंगारात टाकणार होतो. अण्णांनी अडवला. दहा दिवसांनी पट्टी गेली, काळा चष्मा आला, आणि एका दुपारी त्यांनी तो डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडायला घेतला. उघडण्याआधी तळहातावर तोलला. "हलका हाय," एवढंच. इथे एक सांगितलं पाहिजे: हे कुणी घरी करू नका. भिंतीतले २३० आत गेल्यावर सव्वातीनशे व्होल्टचे होऊन कपॅसिटरमध्ये बसतात आणि प्लग काढल्यावरही उठतीलच असं नाही. अण्णांना ते माहीत होतं. तो दहा दिवस नुसता पडून होता, तरी त्यांनी मीटर लावून पाहिल्यावरच बोट घातलं, आणि तेव्हाही डावा हात खिशात ठेवला. आयुष्यभर त्यांनी मला तेच सांगितलंय. एक हात खिशात. करंटला छातीतून जायला रस्ता द्यायचा नाही.

नव्या डोळ्याने ते बराच वेळ आत बघत राहिले. बोर्डावर ठिकठिकाणी कॉइलची चित्रं छापलेली होती, भोकंही पाडलेली होती, पण कॉइल नव्हत्या. त्यांच्या जागी साधे तारेचे तुकडे टाकून रस्ता पुरा केला होता. भिंतीतून येणाऱ्या विजेची गाळणी म्हणून जे काही असायला हवं, त्याची जागा होती आणि माल नव्हता. अण्णांनी त्या भोकांवरून टेस्टरचं टोक फिरवलं. दुसऱ्याच्या वायंडिंगमध्ये कागद न घातलेला सापडला की ते जसे हुं करायचे, तसं केलं.

मग त्यांचं लक्ष ट्रान्सफॉर्मरकडे गेलं. पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, लिंबाएवढा.

"ह्यो?"

"हो. हाच मुख्य."

"एवढ्यात दोनशे वॉट?"

त्यांचा विश्वास बसेना, आणि ते साहजिक होतं. त्यांचं सगळं जग पन्नास हर्ट्झचं. सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलणारी वीज पेलायला लोखंड लागतं, भरपूर लागतं. दोनशे वॉटचा त्यांच्या ओळखीचा ट्रान्सफॉर्मर उचलायला दोन हात लागतात. एसएमपीएस आलेल्या विजेला आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, करतो, मग तिचेच सेकंदाला साठ-सत्तर हजार, लाख वेळा तुकडे पाडतो. घागर लहान झाली तरी खेपा हजार पटींनी वाढल्यावर पाणी तेवढंच पोचतं. स्विचिंगची ही युक्ती घराघरांत पोचली ती १९७७च्या अ‍ॅपल २सारख्या यंत्रांतून. त्याचा पॉवर सप्लाय रॉड होल्ट नावाच्या इंजिनिअरने केला होता. १९८१मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याचा सप्लाय ६३.५ वॉटचा होता. पूर्ण कॉम्प्युटर साडेत्रेसष्टात. आज आरटीएक्स ४०९० हे एकटं कार्ड ४५० वॉट खातं. हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी त्यातलं घागरीचं तेवढं ऐकलं. दोनदा सांगायला लावलं.

ते तासगावला परत निघाले तेव्हा तो उघडा एसएमपीएस वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत होता. डोळ्यात टाकायच्या थेंबांच्या शेजारी. वाटेत बुधवार पेठेत तापकीर गल्लीत रिक्षा थांबवून त्यांनी एक बारीक चिमटा आणि भिंग घेतलं. दुकान बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती, भिंग कशाला हे मी विचारलं नाही.

आठवड्याने फोन आला. डोळा कसा आहे, थेंब टाकता का, यातलं त्यांना काहीच बोलायचं नव्हतं.

"उसवला," ते म्हणाले. "टेप काढली, गाभा गरम पाण्यात घालून सुटा केला. टर्न मोजले. पाच व्होल्टला किती असतील?"

"किती?"

"तीन."

पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ज्या माणसाने एकेका मोटरीत शेकडो टर्न, तारेचे वेढे, हाताने घातले आणि एक जरी चुकला तरी सगळं उसवून पुन्हा भरलं, तो माणूस तिकडे तीन हा आकडा हातात धरून उभा होता.

"तीनच रे," ते पुन्हा म्हणाले. मग, "नव्यात किती असतील? त्यो भारीतला हाय."

"नवा उघडता येणार नाही अण्णा, वॉरंटी जाईल."

"किती वर्षांची?"

"सात."

तिकडे स्टँडवरच्या एस.टी.चा हॉर्न ऐकू आला.

"बरं," ते म्हणाले. "थांबतो तोवर."